राष्ट्राध्यक्षांवरील अंकुश आणि पक्षनिष्ठा



४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीची संसदीय पद्धतीशी तुलना केली होती. पहिलीत स्थैर्य अधिक, दुसरीत उत्तरदायित्व अधिक, असे सांगून त्यांनी भारतासाठी उत्तरदायित्वाची बाजू घेतली. ज्या देशात आम्ही घरे केली, मुले वाढविली, त्या देशाकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

येथे अविश्वासाच्या ठरावाने राष्ट्राध्यक्ष जात नाही. त्याचा नकाराधिकार मोडून काढण्यास दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. महाभियोगात दोषी ठरविण्यास सिनेटमध्ये तितकीच. एवढे बळ विरोधी पक्षापाशी क्वचितच असते. म्हणजे हा अंकुश चालावयाचा तो स्वपक्षीयांच्याच हाताने. आम्ही पेशाने डॉक्टर. औषध कपाटात असून रुग्ण बरा होत नाही, हे आम्हांस नित्य दिसते.

१९७३ साली युद्धविषयक अधिकारांना मर्यादा घालणारा ठराव निक्सन यांनी नाकारला, तेव्हा प्रतिनिधिगृहाने २८४ विरुद्ध १३५ आणि सिनेटने ७५ विरुद्ध १८ मतांनी तो नकार मोडला. पुढल्या वर्षी न्यायविषयक समितीतील १७ रिपब्लिकनांपैकी ६ जणांनी महाभियोगाच्या पहिल्या आरोपास संमती दिली. ७ ऑगस्टला त्यांच्याच पक्षाचे तीन नेते व्हाइट हाऊसमध्ये जाऊन वस्तुस्थिती सांगून आले. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

त्यानंतर मात्र पक्षनिष्ठा घट्ट होत गेली. १९९९ मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध एकाही डेमोक्रॅट सिनेटरने मत दिले नाही. २०१९ साली सीमेवरील भिंतीसाठी ट्रम्प यांनी पुकारलेली आणीबाणी रद्द करणारा ठराव सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ मतांनी संमत झाला. नकाराधिकारापुढे तो टिकला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ५७ सिनेटरांनी ट्रम्प यांना दोषी ठरविले. हवे होते ६७. प्रतिनिधिगृहात त्या महाभियोगास पाठिंबा देणारे रिपब्लिकन दहा होते. २०२२ मध्ये त्यांतले दोघेच पुन्हा निवडून आले. चौघे उभेच राहिले नाहीत आणि चौघांना पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत पराभव पत्करावा लागला.

भारतात १९८५ पासून पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व कायद्यानेच जाऊ शकते. येथे असा कायदा नाही. तरीही प्राथमिक निवडणुकीचे भय तेच काम करते, आणि तेथे मतदार थोडे, त्यातही बहुधा कट्टर. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. तो भारताला उद्देशून होता, परंतु त्याला सरहद्द नाही.

आपल्यापैकी जे नागरिक झाले, त्यांतले कितीतरी जण चार वर्षांतून एकदा, नोव्हेंबरमध्येच मतदान करतात. प्राथमिक निवडणूक केव्हा झाली, याची घरात कोणाला वार्ताही नसते. न्यूयॉर्कसारख्या राज्यात तर त्यासाठी पक्षाची नोंद अगोदर करून ठेवावी लागते.