नभोवाणीचे कार्यक्रम : प्रकार आणि घडण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या समाजातील वयोवृद्ध मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्यांतून ऐकण्याजोगे छोटे कार्यक्रम सिद्ध करावेत, असे मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांनी येत्या वर्षासाठी योजिले आहे. त्यांच्या उपयोगी पडेल असे काही बोलावे, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. आम्ही काही वर्षे नभोवाणीसाठी संहिता लिहिल्या. आमचा अधिकार तेवढाच.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. नागपूरचे केंद्र १९४८ साली आणि पुण्याचे १९५३ साली निघाले. इतिहास येथेच सोडून आम्ही मूळ विषयाकडे वळतो. भाषण, मुलाखत, चर्चा, रूपक, श्रुतिका, संगीत असे प्रकार पुष्कळ आहेत. परंतु कार्यक्रमाचा प्रकार विषयावरून ठरत नसतो. ऐकणारा कोण आहे आणि त्याच्या कानापाशी आपणांस काय न्यावयाचे आहे, यावरून तो ठरतो. उदाहरणादाखल गावच्या विहिरीचे पाणी हा एकच विषय घेऊ आणि प्रत्येक प्रकारात त्याचे काय होते ते पाहू.

सर्वांत सोपा वाटणारा आणि वस्तुतः सर्वांत अवघड प्रकार म्हणजे भाषण. त्याची संहिता आधी लिहून केंद्राकडे द्यावी लागते. मिनिटास शंभर ते एकशेवीस शब्द हा साधारण हिशेब. म्हणजे दहा मिनिटांसाठी हजार-अकराशे शब्द झाले. विद्वान गृहस्थ येथेच फसतात. ते निबंध लिहून आणतात आणि वाचून दाखवितात. निबंधाच्या वाचकास मागचे पान उलटण्याची सोय असते. श्रोत्याला ती नाही. हातातून निसटलेले वाक्य त्याला पुन्हा मिळावयाचे नसते. म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये फार अंतर पडू देऊ नये. ‘उपर्युक्त’ आणि ‘खालीलप्रमाणे’ हे शब्द कानाला निरर्थक आहेत, कारण कानाला वर-खाली नसते. विहिरीत तीन हजार नऊशे बासष्ट घागरी पाणी आहे असे लिहिले तर शोभते. बोलताना ‘सुमारे चार हजार घागरी’ म्हणावे. शिवाय श्रोते हजारो असले तरी ते एका मैदानात जमलेले नसतात. कोणी माजघरात, कोणी दुकानाच्या फळीवर, एकटा किंवा दोघे-चौघे मिळून ऐकत असतात. सभा जिंकणारा वक्ता त्यांच्या कानाशी नुसता ओरडतो.

काही गोष्टी अगदी बारीक, पण आवश्यक आहेत. कागद एकाच बाजूने लिहावेत, त्यांना टाचणी लावू नये आणि वाचलेले पान उलटण्याऐवजी हलकेच बाजूला सरकवावे. नाही तर त्याची सळसळ भाषणापेक्षा स्पष्ट ऐकू येते. प, फ, भ या अक्षरांचा वारा थेट ध्वनिक्षेपकावर आदळू नये म्हणून तोंड किंचित तिरपे ठेवावे. भगिनींनी हातांतील कांकणे उतरवून ठेवावीत किंवा हात तरी स्थिर ठेवावेत.

मुलाखतीबद्दल थोडकेच सांगतो. ज्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ इतकेच येईल असा प्रश्न विचारू नये. विहीर खोल आहे काय, असे न विचारता ती खणली तेव्हा काय काय लागले, असे विचारावे. चर्चेत मात्र आवाज ओळखण्याची अडचण येते. सारख्याच घशाचे तीन गृहस्थ एकत्र बसविले तर कोण कोणाचे खंडन करीत आहे ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

रूपक हा प्रकार आमच्या विशेष आवडीचा. त्यात निवेदन असते, खऱ्या माणसांचे बोलणे असते आणि जागेचा ध्वनीही असतो. येथे विहीर स्वतः बोलू लागते. रहाटाची कुरकुर, घागर पाण्यास टेकल्याचा आवाज, पाणवठ्यावरील बायकांचे बोलणे, खणणाऱ्या म्हाताऱ्याची हकीकत, हे सारे एकत्र गुंफावयाचे असते. पूर्वी ध्वनिफीत पात्याने तिरपी कापून चिकटपट्टीने जोडीत असत. आता तेच काम संगणकाच्या पडद्यावर होते. परंतु तासभराच्या मुद्रणातून कोणती दहा मिनिटे ठेवावयाची, हा निर्णय पात्याने घेतला नाही आणि संगणकही घेत नाही.

श्रुतिकेत सारे नाटकच कानाने पाहावयाचे असते. ज्या पात्राचा आवाज थांबला ते पात्र श्रोत्याच्या लेखी खोलीतून निघून गेले. म्हणून गप्प बसलेल्या माणसाला अधूनमधून नावाने हाक मारावी लागते. एका प्रसंगात चार-पाचांहून अधिक आवाज असू नयेत. दुरून येणारे पात्र ध्वनिक्षेपकापासून लांब उभे राहून बोलत बोलत जवळ येते आणि श्रोत्याला अंगण दिसू लागते. नारळाच्या दोन करवंट्या आपटून घोडा धावविता येतो. पत्रा हलविला की मेघगर्जना होते. कडक पारदर्शक कागद चुरगाळला की आग लागते. ध्वनिफीत येण्यापूर्वी हे सारे प्रत्यक्ष प्रसारणाच्या वेळीच करावे लागे. निर्माता काचेपलीकडून हाताने खुणा करी, आणि चुकले तर ते लोकांच्या घराघरांत चुकलेले असे. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ ज्यांनी ऐकले त्यांना प्रभाकर जोशींचे टेकाडे भावोजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे पंत आजही घरच्या माणसांसारखे आठवतात. त्या घराला भिंती नव्हत्या, तीन आवाज होते.

संगीताच्या वाटेला आम्ही अधिकारी म्हणून जात नाही. गायक-वादकांना ध्वनिचाचणी देऊन श्रेणी मिळवावी लागते, आणि १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला या दारात मज्जाव होता, एवढे सांगून पुढे जातो. पुणे केंद्राचे ‘गीत रामायण’ मात्र ओलांडून जाता येत नाही. १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्यास एक नवे गीत, असा तो संकल्प होता. ग. दि. माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल लावावी, गायकांनी बसवावे आणि ठरल्या दिवशी ते प्रसारित व्हावे. वर्षाचे बावन्न आठवडे. त्यात अधिक मास आला आणि गीते छप्पन्न झाली. प्रतिभेला आठवड्याचे वेळापत्रक लावल्याने ती मरते असे म्हणणारांनी या उदाहरणाचा विचार करावा.

त्याच दशकात श्रोत्यानेही नभोवाणीला एक धडा दिला. चित्रपटगीतांना आपल्या केंद्रांवरून जवळजवळ बाहेर काढण्यात आले, तेव्हा लोकांनी संचाची खुंटी फिरविली आणि ते सिलोन ऐकू लागले. ‘बिनाका गीतमाला’ तेथून १९५२ साली सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ काढावी लागली. श्रोत्याला उलट बोलता येत नाही असे मानणारांना त्याने त्या खुंटीने उत्तर दिले.

परंतु खुंटी फिरविण्यापलीकडे श्रोत्याला खरोखर उलट बोलता आले तर? हा प्रयोग पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने केला. महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांचे श्रोतृगट स्थापन झाले. अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम त्यांच्यासाठी खास तयार करण्यात आले. गटाने एकत्र बसून ऐकावयाचे, मग संच बंद करून आपसांत चर्चा करावयाची आणि शंका पुण्यास कळवावयाच्या. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. त्याचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूराथ यांनी केले, आणि १९५९ पासून ती योजना देशभर नेण्यात आली. कार्यक्रमांच्या साऱ्या प्रकारांत आम्ही यास अग्रस्थान देतो, कारण यातील अर्धा कार्यक्रम श्रोत्यांनी घडविला.

आता आपली विहीर या गटापुढे ठेवा. केंद्रावरील तज्ज्ञ सांगेल की पाणी शुद्ध करण्यासाठी औषध टाका, कठडा बांधा. संच बंद होईल. मग कोणी तरी विचारील, कठडा बांधावयाचा तो कोणत्या विहिरीला? वरच्या आळीच्या की खालच्या? आणि बांधल्यावर पाणी कोणी भरावयाचे? हे प्रश्न कोणत्याही भाषणाच्या संहितेत नव्हते. आणि तेही केव्हा विचारले जातील? विचारणारास त्या ठिकाणी बसता आले तर! संच चावडीवर ठेवला तर एक श्रोतृवर्ग जमतो, देवळात ठेवला तर दुसरा, आणि ज्यांना त्या देवळाची पायरी चढता येत नव्हती त्यांच्यासाठी तो कार्यक्रम झालाच नाही. ध्वनिलहरींना जात विचारता येत नाही. संच ठेवणाराला येते. आपले मंडळ एका ज्ञातीचे आहे, म्हणून हे येथे बोलणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

तेव्हा आपल्या संकल्पित कार्यक्रमांविषयी आमची एक स्पष्ट सूचना आहे. केवळ आपल्याच आडनावांच्या वृद्धांना बोलते करू नका. ज्यांनी आपल्या वाडवडिलांच्या विहिरी खणल्या, घरे शाकारली, बाळंतपणे केली, त्या घरांतही जा. आपल्या विहिरीची हकीकत त्यांच्याकडून ऐकली तर ती निराळी निघेल. कदाचित ती सुखाची नसेल. तीही ठेवा, आणि संमेलनात ऐकवा. कार्यकारिणीतील काही सभासदांना ही सूचना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

साधनांची अडचण आता नाही. २००६ च्या धोरणानुसार नोंदलेल्या सेवाभावी संस्थांनाही परवाना घेऊन सामुदायिक नभोवाणी चालविता येते, आणि सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून बोलू लागली. आपणांस इतके दूर जावयाचे कारण नाही. खिशातील भ्रमणध्वनी पुरे आहे. तो बोलणाराच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, पण समोर न धरता थोडा बाजूला धरावा. पंखा बंद करावा. आरंभी कोणी न बोलता अर्धे मिनिट त्या खोलीचा नुसता आवाज मुद्रित करून ठेवावा. पुढे तुकडे जोडताना तो उपयोगी पडतो. आजीबाई बोलता बोलता थांबल्या तर लगेच दुसरा प्रश्न विचारू नये. चांगले ते पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येते. त्यांची संमती घ्यावी, आणि जे लोकांना ऐकवू नका म्हणतील ते ऐकवू नये. मुद्रण संपल्यावर नाव, गाव व तारीख आवाजातच सांगून ठेवावी, आणि त्याची प्रत दोन ठिकाणी ठेवावी. फीत महाग होती त्या काळी तीच फीत पुसून पुन्हा वापरीत असत, आणि कितीतरी चांगले आवाज असे पुसले गेले. पहिले मुद्रण चिटणीसांच्या मातोश्रींचे करावे असे ठरल्याचे समजते. त्यांचे वय ब्याण्णव आहे. तेव्हा दिवाळीची वाट न पाहता ते याच महिन्यात उरकावे.