पावणेदोन इंचांचा जोड

मी पेशाने सुतार. आयुष्य खुर्च्या, कपाटं आणि देव्हाऱ्यांत गेलं. पण कोल्हापुरात बंदूक दुरुस्तीचा रीतसर परवाना असलेल्या एका दुकानात मी बरीच वर्षं लाकडाचं तेवढं काम करायला जात असे. लोखंड मालकांनी पाहायचं, दस्ता मी. त्यातल्याच एका दस्त्याची गोष्ट आज सांगणार आहे.

२००४ सालचा पाऊस उघडला आणि राधानगरीकडचे एक शेतकरी आपली बारा बोअरची दुनळी घेऊन आले. विलायती बनावट, अक्रोडाचा दस्ता, पण मागून चक्क कापलेला. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेबारा इंच. साधारण उंचीच्या पुरुषाला चौदा-सव्वाचौदा इंच तरी लागतात. त्याहून फार आखूड असला तर बार निघताना धक्क्याने आपलाच अंगठा आपल्या नाकावर बसतो.

कापला कुणी, असं विचारलं. ते म्हणाले, वडिलांनी. वडील मुंबईला गिरणीत, शेत सगळं आईच्या अंगावर. भात पोटरीला आलं की रानडुकरं एका रात्रीत लोळवून जायची. १९६८ साली पीकसंरक्षणाचा परवाना आईच्या नावावर झाला आणि वडिलांनी गावच्या सुताराकडून दस्ता तिच्या मापाने कापून घेतला. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, डुकरावर बार टाकायलाही सरकारी परवानगी लागू लागली, तेव्हा बंदूक उरली ती हवेत आवाज काढण्यापुरती. आता आई थकलेली, परवाना मुलाच्या नावावर.

"मिस्त्री, लांबी पुरी करा. पण जोड दिसता कामा नये. वडिलांनी घेतली तेव्हा होती तशी दिसू दे."

रबराची गादी लावा, इंचभर तरी सुटेल, असं मी सुचवून पाहिलं. ऐकेनात.

आता अक्रोड आणायचा कुठून? आपल्याकडे साग, शिसव मागाल तेवढं. शेवटी जुन्या बाजारात मोडक्या काश्मिरी टीपॉयचा एक जाड पाय मिळाला. त्याची छिद्रं आणि रेषांची दाटी दस्त्याशी जुळत होती. इथे एक खुबी आहे. लाकडाला दिशा असते. तुकडा उलटसुलट फिरवून लावलात तर एका उजेडात तो बेमालूम दिसतो आणि बंदूक जरा कलवली की जुना भाग चमकतो, नवा काळा पडतो. मखमलीवरून हात उलटा फिरवल्यासारखं. म्हणून रंगाकडे मी नंतर पाहतो, आधी तुकडा खिडकीशी नेऊन चारही अंगांनी फिरवतो. एक अख्खी सकाळ त्यात गेली.

मग बसवणं. दस्त्याच्या कापावर चिमणीची काजळी लावायची, तुकडा टेकवायचा, उचलायचा. जिथे काळं उमटलं तिथे उंचवटा, तेवढाच तासायचा. सगळीकडे सारखं काळं उमटेपर्यंत हेच. जुन्या दस्त्यात तेल मुरलेलं असतं, त्यावर कुठलाच डिंक धरत नाही. ते खडूची पूड आणि थिनर यांच्या लेपाने दोन-तीनदा ओढून काढलं. आत दोन लाकडी खुंट्या आणि अ‍ॅराल्डाइट. एक दिवस हात लावायचा नाही. तुकडा मुद्दाम दोन सूत मोठा ठेवला होता, तो कानशीने उतरवत जुन्या अंगाला मिळवला.

इतकं करूनही केसाएवढी रेघ दिसतेच. लोक त्या रेघेवर रंग फासतात आणि फसतात, कारण नजर आडव्या रेघेवरच अडते. तिला उभ्या रेषांवरून पुढे न्यायचं. जुन्या दस्त्यातली प्रत्येक काळी शीर चार केसांच्या ब्रशने जोड ओलांडून नव्यात सोडायची. एक लांब, एक आखूड, एक मध्येच विरलेली. त्यासाठी व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून ठेवतो. अक्रोडातल्या तुरटपणाशी ते पाणी भिडलं की लाकूड आतूनच काळवंडतं. वरून जवसाचं तेल, त्यात रतनजोतीची मुळी मुरवलेली. हो, आपल्या स्वयंपाकघरातला लाल रंग देतो तोच. विलायतेतले बंदूकवालेही त्याच जातीच्या मुळीने तेल तांबडं करत. तळहाताने चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. तीन आठवडे. शेवटी किल्ल्यांचा जुडगा आपटून नव्या भागाला थोडे पोचे दिले. कोरं अंग चुगली करतं.

दुकानाच्या नोंदवहीत मात्र "पावणेदोन इंच जोड" असं मी मालकांना स्पष्ट लिहायला लावलं. उद्या बंदूक विकली गेली तर घेणाऱ्याला कळायला हवं. डोळ्याला फसवणं हे माझं काम, गिऱ्हाइकाला फसवणं नव्हे.

न्यायला ते आले तेव्हा आई बरोबर होती. ऐंशीच्या घरातली, डोळ्यांना कमी दिसणारी. मालकांनी नळ्या उघडून रिकाम्या असल्याची खात्री केली आणि बंदूक तिच्या हातात दिली. तिने सवयीने खांद्याला लावली. बोट चापापर्यंत पोचेना.

"लांब झाली की रं."

"पहिल्यासारखी केली, आई."

"कुठनं जोडलीया?"

मी तिचा अंगठा धरून जोडावर ठेवला. तिने मागेपुढे फिरवला.

"लागत न्हाई हाताला," ती म्हणाली. एरवी मला याहून मोठी शाबासकी नाही. मग जरा थांबून म्हणाली, "मग माझी बंदूक कुठं गेली?"

मुलगा काहीच बोलला नाही. मी बंदूक मागून घेतली, टाचेवरच्या शिंगाच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू काढले, आतल्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं, खाली "१९६८ ते २००४, साडेबारा इंच" असं लिहिलं आणि पट्टी परत बसवली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)