पिछाडीचा गडी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या फुटबॉल सामन्यांच्या बक्षीससमारंभांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



बक्षिसें वांटून झाल्यावर धर्मगुरूंनीं चार शब्द बोलावे, असें कार्यक्रमपत्रिकेंत छापलें आहे. चारांचे चाळीस होऊं नयेत, अशी येथें बसलेल्या पुष्कळांची मनांतून इच्छा असेल, हें आम्ही जाणतों. तथापि आज थोडें सविस्तर बोलणें आम्हांस भाग आहे. कारण असें कीं, उपविजेत्या संघांतील एका गड्याचें नांव आतांच दोनदां पुकारलें गेलें आणि तो व्यासपीठावर आला नाहीं. त्याचें पदक अजून ह्या मेजावरच पडलेलें आहे.

तो कां आला नाहीं, हें आपण सर्व जण जाणतां. अंतिम सामन्याच्या शेवटल्या पांच मिनिटांत, आपल्याच गोलाजवळ, त्याचा पाय चेंडूवर नीट बसला नाहीं. चेंडू प्रतिपक्षाच्या पुढ्यांत गेला आणि त्याबरोबर सामनाही गेला. त्यानंतर मैदानाच्या कडेनें त्यास उद्देशून जे शब्द उच्चारले गेले, ते उच्चारणारांत, सांगावयास खेद वाटतो, आमच्या शेजारच्या खुर्च्यांवरील वडील माणसेंही होतीं. त्याच गड्यानें त्यापूर्वींच्या तासाभरांत किती गोल वांचविले, हें मात्र कोणीं मोजलें नव्हतें. आम्हींही मोजलें नव्हतें. म्हणून आज आम्ही एका दुसऱ्या पिछाडीच्या गड्याची हकीकत सांगणार आहों.

इटलीच्या उत्तर भागांत, ब्रेशा शहराजवळ, त्रावाल्यातो नांवाचें एक गांव आहे. तेथें ८ मे १९६० रोजीं एका शेतकरी कुटुंबांत फ्रांको बारेसी ह्याचा जन्म झाला. गांवच्या चर्चच्या आवारांत मुलांसाठीं खेळाचें पटांगण असतें. तिकडे त्यास ओरातोरियो म्हणतात. तेथेंच फ्रांको व त्याचा थोरला भाऊ जुझेप्पे हे प्रथम चेंडू खेळले. कुमारवयांतच ह्या भावंडांचें मातृपितृछत्र हरपलें. मिलान शहरांतील इंटर ह्या नामांकित संघानें जुझेप्पेस घेतलें. फ्रांको मात्र अंगानें किरकोळ, म्हणून त्यास परत पाठविलें. त्याच शहरांतील दुसऱ्या संघानें, म्हणजे ए. सी. मिलाननें, १९७४ सालीं त्यास आपल्या मुलांच्या संघांत ठेवून घेतलें. २३ एप्रिल १९७८ रोजीं, अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, तो मुख्य संघांतून व्हेरोना येथें पहिला सामना खेळला. आणि पुढल्याच हंगामांत, १९७९ सालीं, मिलान इटलीचा विजेता झाला. 

परंतु खरी कसोटी विजयानंतर लागते. १९८० सालीं सामन्यांच्या निकालांत लांचलुचपत झाल्याचें प्रकरण उघडकीस आलें आणि शिक्षा म्हणून मिलानला दुसऱ्या श्रेणींत ढकलण्यांत आलें. बारेसीचा त्या पापांत कांहीं भाग नव्हता. फळ मात्र त्यासही भोगावें लागलें. एका वर्षांत संघ वर आला. १९८२ सालीं पुन्हां खालीं गेला, आणि ह्या खेपेस कोणाच्या लबाडीनें नव्हे, तर खेळांतील अपयशानें. त्याच हंगामांत बारेसी आजारानें कित्येक महिने मैदानाबाहेर होता. धंदेवाईक खेळाडूस अशा वेळीं दुसरा धनी शोधण्याची मोकळीक असते, आणि त्यांत लोक दोषही मानीत नाहींत. ज्या उन्हाळ्यांत इटलीनें जागतिक विजेतेपद मिळविलें, त्या उन्हाळ्यांत बारेसी त्या राष्ट्रीय चमूंत होता, जरी त्यास प्रत्यक्ष खेळण्याची संधी मिळाली नाहीं. असा गडी दुसऱ्या श्रेणींत खेळावयास राहिला. बाविसाव्या वर्षीं त्याच्या दंडावर कप्तानाची पट्टी बांधली गेली.

आतां त्याच्या कामाविषयीं. आघाडीच्या गड्याचा हिशेब उघड असतो. त्यानें केलेले गोल फळ्यावर लिहिले जातात. पिछाडीच्या गड्याचें काम, जें घडलें नाहीं, त्यांत असतें. न झालेला गोल कोणत्या वहींत लिहावयाचा? दिवसभर कांहीं न घडूं देणें हेंच त्याचें यश. आणि एकदांच कांहीं घडलें, तर तेवढेंच त्याच्या नांवावर चढतें.

पूर्वीं इटलींत पिछाडीचा बहुतेक प्रत्येक गडी प्रतिपक्षाच्या एकेका गड्यास सावलीसारखा चिकटून राही, आणि सर्वांच्या मागें एक मोकळा गडी इतरांचें चुकलेलें सांवरण्यास उभा असे. ह्यास लिबेरो, म्हणजे मोकळा, असें नांव होतें, आणि बारेसी त्या जागेवर वाढला. १९८७ सालीं आरीगो साक्की हा प्रशिक्षक मिलानला लाभला. त्यानें ही रीत मोडली. चौघांनीं एका रेषेंत राहावें, माणूस न धरतां जागा राखावी, आणि नेमक्या क्षणीं चौघांनींही एकदम पुढें सरकावें, म्हणजे त्यांच्या मागें राहिलेला प्रतिपक्षाचा गडी ऑफसाइड ठरतो, अशी त्याची योजना होती. सांगावयास सोपें, पण एक जण पाऊलभर मागें राहिला, तर तिघांचे श्रम वायां जातात आणि गोलरक्षकापुढें मैदान उघडें पडतें. ही रेषा हलविण्याचें काम बारेसीचें होतें. उंची मध्यम, बोलणें थोडें. परंतु चेंडू कोठें जाईल हें तो इतरांच्या आधीं ओळखी, आणि त्याचा हात वर गेला कीं चौघेही एकाच पावलानें पुढें येत. तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि माल्दीनी हे ते चौघे.

त्यांनीं काय साधलें, तें आंकड्यांत पाहूं. १९८७-८८ च्या हंगामांत ३० सामन्यांत मिलानवर अवघे १४ गोल झाले, आणि विजेतेपद आलें. १९८९ व १९९० अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपचा चषक आला. १९९३-९४ सालीं ३४ सामन्यांत मिलाननें स्वतः केलेले गोल फक्त ३६. तरीही विजेतेपद त्याचेंच, कारण त्याच्यावर झालेले गोल १५! ज्यांस पिछाडी म्हणजे दुय्यम काम वाटतें, त्यांनीं हा हिशेब घरीं जाऊन मांडून पाहावा.

ह्यानंतरचा प्रसंग सांगण्यासाठींच आम्ही एवढी प्रस्तावना केली. १९९४ सालीं अमेरिकेंत जागतिक स्पर्धा भरली. चौतीस वर्षांचा बारेसी इटलीचा कप्तान होता. २३ जून रोजीं नॉर्वेविरुद्धच्या सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला. आंतील कूर्चेवर शस्त्रक्रिया झाली. त्याची स्पर्धा संपली, असेंच लोक म्हणाले. १७ जुलै रोजीं, म्हणजे चोविसाव्या दिवशीं, ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यांत तो मैदानावर उभा होता. पासादेना येथें भर दुपारचें ऊन. समोर रोमारियो आणि बेबेतो. एकशें वीस मिनिटें खेळ झाला आणि त्या दोघांस एकही गोल करतां आला नाहीं. बारेसीच्या आयुष्यांतील तो बहुधा सर्वोत्तम सामना होता.

मग निकालासाठीं पेनल्टीच्या लाथा मारण्याची वेळ आली. चार वर्षांपूर्वीं, १९९० सालीं, अर्जेंटिनाविरुद्ध अशाच प्रसंगीं इटलीची पहिली लाथ बारेसीनेंच मारली होती आणि गोल केला होता. ह्या वेळींही तोच प्रथम पुढें आला. शस्त्रक्रिया झालेला गुडघा, थकलेलें शरीर. कोणीं त्यास दोष दिला नसता, जर तो मागें राहिला असता. त्यानें चेंडू मारला आणि तो गोलाच्या आडव्या खांबावरून निघून गेला. पुढें मास्सारोचा चेंडू अडविला गेला, रोबेर्तो बाज्जोचाही वरून गेला, आणि ब्राझील ३-२ असा जिंकला. जगानें बाज्जोची खालीं गेलेली मान पाहिली. कप्तान मात्र लहान मुलासारखा रडत होता.

आम्ही त्या काळीं सेमिनरींत शिकत होतों. सामना सुरू झाला तेव्हां आपल्याकडे रात्रीचा एक वाजला होता. वरिष्ठांच्या परवानगीनें आम्ही विद्यार्थी दूरदर्शनच्या संचापुढें बसलों होतों. बारेसीचा चेंडू वरून गेला तेव्हां आमच्यांतील एक जण मोठ्यानें हंसला आणि म्हणाला, "गुडघा धड नाहीं, तर मिरवावयास कशाला आला?" मित्रहो, तो बोलणारा आम्हीच होतों. दोन तास त्या माणसाचा खेळ आम्हीं पाहिला होता. पण आमच्या तोंडून निघालें तें एका लाथेबद्दल. म्हणून परवां मैदानावर जे ओरडले, त्यांस आम्ही वरून उपदेश करीत नाहीं. त्यांच्याच बांकावर बसून बोलत आहों.

बारेसीनें त्यानंतर काय केलें? तो पुन्हां मिलानच्या पिछाडीस उभा राहिला. १९९६ सालीं सहावें राष्ट्रीय विजेतेपद मिळवून १९९७ सालीं तो निवृत्त झाला. वीस हंगाम, एकच संघ, ७१९ सामने. त्याच्या पाठीवरचा ६ हा अंक त्याच्यामागून कोणासही द्यावयाचा नाहीं, असें मिलाननें ठरविलें. ज्यांनीं ठरविलें त्यांस पासादेनाचा चेंडू ठाऊक नव्हता काय? होता. पण त्यांनीं हिशेबाची संपूर्ण वही पाहिली, एकच पान नव्हे.

आपल्या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांकडेही अशाच नजरेनें पाहिलें पाहिजे. ह्या स्मरणिकेंत ज्यांचीं छायाचित्रें आहेत, ते बहुतेक आघाडीचे गडी आहेत, आणि त्यांत आम्हीही आहों. पावसाळ्याच्या तोंडीं छपरावर चढून कौलें बदलणारे, पहांटे घंटा देणारे, आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढणारे हे सर्व पिछाडीस उभे होते. त्यांच्यामुळें काय काय घडलें नाहीं, तें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं.

आतां हें पदक. समारंभ आटोपल्यावर तें घेऊन आम्ही त्या मुलाच्या घरीं पायीं जाणार आहों. ज्यांस बरोबर यावयाचें असेल, त्यांनीं यावें. मैदानावर ज्यांचा आवाज सर्वांत मोठा होता, ते आल्यास आम्हांस विशेष आनंद होईल. तेथें भाषण करावयाचें नाहीं. त्याच्या आईनें चहा केला तर घ्यावा, आणि पुढल्या रविवारीं चार वाजतां सराव आहे, एवढेंच त्यास सांगून परत यावें.