टाळेबंदीतले तुरुंग



2020 सालचा मार्च महिना आठवा.
कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली, रस्ते ओस पडले होते.
माणसं घरात होती, म्हणून चोऱ्या आणि पाकीटमारी घटली.

पण घराच्या आत?
मारणारा आणि मार खाणारी एकाच छताखाली अडकले.
राष्ट्रीय महिला आयोगाकडे तक्रारी वाढल्या.

आता तुरुंगाकडे वळू या.
बाहेर आपण अंतर पाळत होतो.
मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात क्षमतेच्या कितीतरी पट बंदी होते.
तिथे अंतर पाळायचं कसं?
मे महिन्यात तिथे साथ पसरलीच.

सर्वोच्च न्यायालयानं 23 मार्चलाच राज्यांना समित्या नेमायला सांगितलं होतं.
कुणाला पॅरोल द्यायचा, कुणाला तात्पुरता जामीन, हे त्यांनी ठरवायचं होतं.
महाराष्ट्रात हजारो बंदी बाहेर आले.

श्रोतेहो, एक गोष्ट नीट ऐका.
तुरुंगातले बहुतेक जण कच्चे कैदी असतात.
पुन्हा सांगते.
बहुतेकांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नसतो.
साथीत न्यायालयांचं काम मंदावलं.
या कच्च्या कैद्यांचे निकाल आणखी लांबले.
कितीतरी गरिबांना जामीन मिळतो, पण हमीदार मिळत नाही.
ते आतच राहतात.
हा अन्याय साथीच्या आधीही होता.

तुमच्या ओळखीत असं कुणी अडकलं असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.
कोठडीतल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो.