पर्यावरणाचा कायदा आणि लोकसेवा : सुरतेचा अनुभव
(व्याख्यानाची संहिता)



तापी नदी मुलताईस उगम पावून खानदेशातून वाहत येते आणि सुरतेच्या पुढे समुद्रास मिळते. तिच्याच खोऱ्यातून गेलेल्या लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस आली आणि लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्थिरावली. यंत्रमागांनी आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी त्यांना भाकर दिली. त्या गिरण्यांच्या धुराड्यांपासून त्यांची घरे फार दूर नाहीत, आणि त्यांच्या वस्तीतूनच मिठी खाडी वाहते. म्हणून पर्यावरणाच्या कायद्याचा प्रश्न लिंबायतेत केवळ पुस्तकी राहत नाही. कायदा निजून राहिला तर लहान मुलांच्या छातीत धूर जातो. आणि तो अविचाराने उगारला जाऊन गिरणीस टाळे लागले, तर त्याच मुलांच्या वडिलांची मजुरी बुडते. या दोन्ही संकटांतून वाट काढणे हे कायदा राबविणाऱ्या लोकसेवकाचे खरे कर्तव्य होय.

आपल्या देशात कायद्यांची वाण नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ साली झाला. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण व नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९८१ साली वायुप्रदूषणाचा कायदा आला आणि १९८४ सालच्या भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम संमत झाला. २०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचीही स्थापना झाली. इतके सर्व असताना ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सुरतेच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील रासायनिक सांडपाणी बेकायदा रीतीने नाल्यात सोडले जात होते. त्यातून विषारी वायू पसरला आणि जवळच्या गिरणीतील सहा कामगार प्राणास मुकले. असे सांडपाणी नाल्यात सोडू नये हे सांगणारा कायदा तेव्हा जवळजवळ अर्धशतकाचा झाला होता. उणीव होती ती त्याच्या पालनाची.

कायद्याचे पालन कसे घडवून आणावे, याचा एक धडा सुरतेनेच देशाला दिला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. त्यांत खानदेशाकडे परतणारी कुटुंबेही होती. मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव हे महानगरपालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी नवा कायदा मागितला नाही. हाती असलेलाच कायदा राबविला. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाची जबाबदारी एकेका वरिष्ठ अधिकाऱ्यावर सोपविली आणि त्या सर्वांना दररोज कचेरी सोडून रस्त्यावर उतरावयास लावले. अनधिकृत बांधकामे पाडताना प्रथम वजनदार मंडळींच्या इमारतींना हात घातला. मोठ्या उपाहारगृहांनाही अस्वच्छतेबद्दल दंड झाला. थोरामोठ्यांची गय होत नाही, हे दिसल्यावर सामान्य माणसाचाही कायद्यावर विश्वास बसला. १९९६ साली एका प्रतिष्ठित संस्थेने चंदीगडच्या खालोखाल सुरत हे देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरविले.

रस्त्यावरचा कचरा डोळ्यांना दिसतो. धुराड्यातील सूक्ष्म धूळ मात्र मोजावी लागते, आणि मोजणारा प्रामाणिक नसेल तर कायदा पांगळा होतो. गुजरातेत १९९६ सालापासून कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी त्रयस्थ परीक्षकांकडून करून घेण्याची पद्धत आहे. परंतु परीक्षक निवडणारा आणि त्याचे शुल्क देणारा पूर्वी खुद्द कारखानदारच असे. देवस्थानच्या जमाखर्चाची तपासणी खजिनदाराने स्वतः नेमलेल्या माणसाने करावी, असे कोणतीही महाजन सभा मान्य करणार नाही. २००९ ते २०११ या काळात एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत येथे या पद्धतीची परीक्षा घेतली. जुन्या रीतीच्या अहवालांत धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्के दिसत होते. प्रत्यक्ष फेरमोजणीत ते ५९ टक्के निघाले. पुढे परीक्षकांची नेमणूक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे झाली, त्यांचे शुल्क सामाईक निधीतून दिले गेले आणि त्यांच्या कामाची अचानक फेरतपासणी होऊ लागली. तेव्हा अहवाल खरे येऊ लागले, आणि अहवाल खरे येताच कारखान्यांनी आपले प्रदूषणही कमी केले. मापन खरे झाले एवढ्यानेच हे घडले, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तथापि मापन खरे असले तरी शिक्षेचा प्रश्न उरतोच. फौजदारी खटला किंवा टाळे, ही मंडळाच्या हातातील जुनी शस्त्रे इतकी जड होती की ती उचलताना अधिकारी कचरत. खटला वर्षानुवर्षे चाले, आणि टाळे लागले की पहिला फटका मजुराला बसे. यावर उपाय म्हणून २०१९ साली सुरतेत एक नवी योजना सुरू झाली. धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म धुळीसाठी अशी योजना जगात प्रथम येथेच आली. सर्व कारखान्यांनी मिळून किती धूळ सोडावी याची मर्यादा मंडळाने ठरविली आणि तिचे परवाने वाटून दिले. कमी धूळ सोडणाऱ्याने आपले उरलेले परवाने विकावेत आणि जास्त सोडणाऱ्याने ते विकत घ्यावेत. धुराड्यात बसविलेले यंत्र अखंड मोजणी करी, आणि परवाने अपुरे पडले तर आधीच भरलेल्या अनामत रकमेतून दंड कापला जाई. सुरतेच्या ३१७ कारखान्यांच्या अभ्यासात असे आढळले की, योजनेतील कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेने २० ते ३० टक्क्यांनी घटली. तेवढीच धूळ कमी करण्यास येणारा खर्चही या रीतीने सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाला. लहान पण न चुकणारा दंड हा मोठ्या पण क्वचितच होणाऱ्या शिक्षेपेक्षा अधिक परिणामकारक ठरतो, हे यावरून सिद्ध झाले.

आता लिंबायतेच्या अंगणातील गोष्ट. मुसळधार पावसात मिठी खाडी तुडुंब भरून पाणी घरांत शिरते. सुरतेत त्याला ‘खाडीपूर’ असे नावच पडले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये रहिवाशांनी हा अनुभव घेतला. पाऊस कोणाच्या हाती नाही; परंतु काठावरील अतिक्रमणाने व पात्रात पडणाऱ्या कचऱ्याने प्रवाहाची वाट अरुंद होते, ती मोकळी राखणे मनुष्याच्या हाती आहे. येथेही कायदा राबविताना रावसाहेबांचा क्रम विसरता कामा नये. प्रथम बलवंतांचे अतिक्रमण हटवावे. आणि गरिबाची झोपडी उचलण्यापूर्वी त्याला दुसरे छप्पर दाखवावे.

यात समाजाचाही वाटा आहे. रात्रीच्या वेळी खाडीकाठी टँकर उभा दिसला तर खिडकी लावून घेणे हे सभ्यपणाचे लक्षण नव्हे. तत्काळ वर्दी द्यावी, तक्रार लेखी करावी, तिची प्रत जपून ठेवावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. ज्यांचे स्वतःचे कारखाने आहेत त्यांनी धुराड्याचा हिशेब देवस्थानच्या हिशेबाइतकाच चोख ठेवावा. गणेशमूर्तींच्या विसर्जनासाठी महानगरपालिका कृत्रिम तलाव उभारते, त्यांचा उपयोग करावा. निर्माल्य खाडीत पडू देऊ नये. दुसऱ्याकडून नियमपालनाची अपेक्षा करणाऱ्याने स्वतःच्या उंबरठ्यापासून आरंभ केला, तर त्याच्या शब्दाला वजन येते.

कायदा राबविणारा अधिकारी हा जनतेचा सेवक आहे आणि त्याच्या हातातील दंड ही जनतेचीच ठेव आहे. ती त्याने लपवू नये, विकू नये आणि दुर्बलावर फेकू नये. सचिनच्या त्या सहा कामगारांचे प्राण आता परत येणार नाहीत. परंतु पहाटेच्या पाळीस निघालेला लिंबायतेचा प्रत्येक कामगार संध्याकाळी सुखरूप घरी परतावा, आणि त्याच्या घरी शुद्ध हवा व दारात मोकळी खाडी असावी, एवढे तर अधिकारी, उद्योजक व नागरिक यांनी मिळून निश्चित साधता येईल. ते साधण्याची सद्बुद्धी सर्वांना लाभो, हीच प्रार्थना.