भयकथेची उसनवारी

वडोदऱ्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी, गुजराती व इंग्रजी ग्रंथ एकाच छपराखाली नांदत आले आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली उभारलेल्या या ग्रंथालयाच्या वाचकांना एक गोष्ट सांगावयास नको : कथा भाषेची वेस सहज ओलांडते. मात्र ती ओलांडताना तिच्यात काय पालटते व तिच्या शिरावर कोणते ऋण राहते, हे भयकथेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

'हस्तर' या नावाचाच प्रवास पाहावा. राही बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' या २०१८ सालच्या हिंदी चित्रपटाने ते सर्वतोमुखी केले. कोकणातला वाडा, अखंड पाऊस, जखडून ठेवलेली भयंकर म्हातारी. सारे इथलेच वाटते. नाव मात्र दूरचे आहे. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या १८९१ सालच्या एका कथेत हास्तूर हा मेंढपाळांचा कृपाळू देव होता. १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने त्या नावावर गूढतेची छाया टाकली. पुढे लव्हक्राफ्टने ते अमानुष शक्तींच्या पंगतीला बसविले. स्टीफन किंगच्या १९८४ सालच्या 'ग्रॅमा' या कथेत तर चेटकी आजीला आवरण्यासाठी एका मुलाला याच नावाचा आधार घ्यावा लागतो.

ही कथा नारायण धारप (१९२५-२००८) यांनी 'आजी' या रूपाने मराठीत आणली. धारपांची कथा एका मित्राच्या तोंडून ऐकली आणि तिने मनात घर केले, असे बर्वे यांनी सांगितले आहे. चित्रपटातही एकटा मुलगा हस्तरचे नाव घेऊनच म्हातारीला निजवितो.

मग यात स्वतःचे ते काय? चित्रपटातील हस्तर हा सोन्याचा आणि धान्याचा हावरा देव आहे. त्याच्याकडील मोहरांसाठी बाप जिवावर उदार होतो आणि तीच विद्या मुलाला शिकवितो. प्रेक्षकाला खरे भय वाटते ते राक्षसाचे नव्हे. घराण्यातून वारशाने उतरणाऱ्या लोभाचे. उसने घेतलेल्या सांगाड्यात आपल्या मातीतले पाप भरले, म्हणूनच ती कथा येथे रुजली. केवळ किंकाळ्या व पांढरी लुगडी उसनी घेणारे चित्रपट चार दिवसांत विसरले जातात, त्याचे कारणही हेच.

वेताळाच्या कथा शतकानुशतके तोंडोतोंडी फिरल्या. त्यांचा कर्ता कोण, असे कुणी विचारले नाही. छापील कथेला मात्र धनी असतो. त्याचे नाव सांगितल्याने भय उणावत नाही. उलट, 'आजी' वाचलेला तरुण 'ग्रॅमा' शोधू लागतो आणि तेथून लव्हक्राफ्टपर्यंत जाऊन पोहोचतो. उसने घेण्यात कमीपणा नाही. सावकाराचे नाव लपविण्यात आहे.