अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे छंद’. माझा छंद एकच, जुन्या रेकॉर्डी ऐकणे. त्यावर अर्धा तास बोललो तर निम्मी मंडळी चहाच्या आधीच उठून जातील. म्हणून छंदाबद्दल न बोलता त्या छंदापायी जे लचांड मागे लागलं, त्याबद्दल बोलतो. सी विंगवाल्यांना त्याचा शेवट ठाऊक आहे, कारण त्यांच्या पार्किंगमध्ये पंधरा दिवस खड्डा होता. तो खड्डा माझ्यामुळे झाला, हे मान्य. पण सुरुवात कुठून झाली ते फार थोड्यांना माहीत आहे.

रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे होता. त्याला जोडायला अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. नवीन घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण जुन्या पेट्यांमध्ये रेकॉर्ड प्लेअरसाठी वेगळी सोय असते, ती हल्लीच्या बऱ्याच पेट्यांमध्ये नसते. म्हणून एका रविवारी जुन्या बाजारात गेलो आणि साडेचार हजारांना एक पेटी घेऊन आलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. पस्तीस-चाळीस वर्षं जुनी, वजन दहा किलोच्या वर, समोर अ‍ॅल्युमिनिअमची चकचकीत पट्टी. दुकानदाराने तिथल्या तिथे लावून दाखवली. त्या बाजारातल्या गलक्यात मला काय ऐकू येणार? घरी आणून रात्री लावली, तर गाण्याच्या मागे सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज. तानपुऱ्याच्या जोडीला कोणीतरी दुसराच तानपुरा घेऊन बसलंय, तोही बेसूर.

शेजारच्या वहिनी हार्मोनिअम शिकवतात. त्या सहज आल्या होत्या, ऐकून म्हणाल्या, “भाऊ, हा पांढरी पाचच्या किंचित वर लागलाय.” मला गंमत वाटली. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्समधला आहे, त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, वहिनींचा कान पक्का आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि खालच्या सप्तकातली पांढरी पाच जवळजवळ तिथेच येते. अमेरिकेत वीज ६० हेलकाव्यांची, तिथे हीच गुणगुण वेगळ्या सुरात लागली असती. म्हणजे पेटी गात नव्हती, भिंतीतली वीज गात होती. ती आत कुठून शिरते, एवढाच प्रश्न.

आता मी बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. ताळेबंदात फरक आला की काय करायचं हे अंगात भिनलेलं. सगळं एकदम बघायचं नाही, एकेक खातं बाजूला काढत जायचं. पुतण्याने पद्धत तीच सांगितली. आधी आवाजाचं बटण शून्यावर आणा. गुणगुण तशीच राहिली, तर दोष पेटीच्या आतल्या वीजपुरवठ्यात. बटण फिरवलं की गुणगुण वाढते, तर ती बाहेरून, एखाद्या वायरीतून येते. आमच्याकडे दोन्ही! शून्यावर एक बारीक घर्र होती, भुंग्यासारखी. बटण फिरवलं की तिच्यावर ती ‘हूं’ चढायची.

घर्र होती तिचं कारण सोपं. विजेचा हेलकावा पेटीत आल्यावर सरळ करतात, तेव्हा त्याचे सेकंदाला १०० उंचवटे होतात. ते सपाट करायला आत दोन मोठे कपॅसिटर असतात, छोट्या डब्यांसारखे. त्यांच्यात ओलसर रसायन असतं, ते वर्षानुवर्षं वाळत जातं. मग उंचवटे तसेच स्पीकरपर्यंत पोचतात. दुरुस्तीवाल्याने दोन्ही बदलले, नऊशे रुपये घेतले, घर्र गेली. हे काम कोणी घरी करू नका. पेटी बंद करून प्लग काढला तरी त्या डब्यांमध्ये बराच वेळ वीज साठून असते.

‘हूं’ मात्र जागची हलली नाही. मग मागच्या वायरी सगळ्या काढल्या. पूर्ण शांतता. नुसता रेकॉर्ड प्लेअर लावला, त्याची हिरवी बारीक तार पेटीमागच्या स्क्रूला जोडायची राहिली होती, ती जोडली. शांतता. मग टीव्हीची वायर लावली. आमच्या सौ.ला हल्ली जरा कमी ऐकू येतं, म्हणून टीव्हीचा आवाजही मी याच पेटीतून घेतला होता. वायर खोचली रे खोचली, ‘हूं’ हजर. शेवटी सेट टॉप बॉक्सच्या मागून केबलवाल्याची जाड वायर फिरवून काढली. गप्प! केबल लावली की गुणगुण, काढली की नाही. दहा वेळा करून पाहिलं.

आता इथे मी एक चूक केली, ती सगळ्यांसमोर सांगतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी उपाय सांगितला, “प्लगची वरची जाड पिन काढून टाका, काम फत्ते.” मी काढली. काम खरोखरच फत्ते झालं. आठ दिवस मी सुखाने रेकॉर्डी ऐकल्या. बँकेत फरक सापडला नाही की तो सस्पेन्स अकाउंटला टाकून घरी जाणारे काही जण असत, आणि मी त्यांना ऑफिसर म्हणून चार शब्द सुनवत असे. तेच मी स्वतः केलं होतं.

रविवारी पुतण्या जेवायला आला. तो प्लग बघून त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, “काका, ही पिन अर्थिंगची. आत एखादी वायर सुटून डब्याला लागली, तर अख्खी लोखंडी पेटी जिवंत होईल. सुट्टीत नातू येतो ना, तो हिच्या मागे शिरून बसतो.” मला पुढे जेवण गेलं नाही.

जेवण झाल्यावर त्याने मीटर काढला. माझी समजूत अशी होती की तो पिन परत बसवेल, टीव्हीच्या वायरीत एक छोटा आयसोलेटर घालेल आणि विषय संपेल. तो उपाय आहे, सुरक्षितही आहे. पण त्याने आधी सॉकेट तपासलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट असायला हवेत. तिथे कधी ७०, कधी ९०. म्हणजे भिंतीत अर्थिंगची वायर होती, पण तिचं दुसरं टोक जमिनीला टेकलेलंच नव्हतं.

मग तो मला म्हणाला, गुणगुण कधी जास्त असते? मी वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या, सवयच ती. सकाळी सहा ते साडेआठ सर्वांत जास्त, दुपारी कमी, संध्याकाळी पुन्हा वर. त्याने वही बघितली आणि हसला. सकाळी विंगमधले सगळे गीझर चालू असतात. गीझर, फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, प्रत्येकातून थोडीशी वीज अर्थिंगच्या वायरीत झिरपत असते. एरवी ती मुकाट्याने जमिनीत जाते. आमच्या विंगमध्ये तिला जमीनच नव्हती. तेव्हा ती वाट शोधत माझ्या प्लगमधून पेटीत, तिथून टीव्हीच्या वायरीत, तिथून केबलच्या जाळीत आणि केबलवाल्याच्या अर्थिंगपर्यंत जात होती. चोवीस फ्लॅटची झिरपलेली वीज माझ्या एका बारीक वायरीतून, आणि जाताजाता रेकॉर्डवर गुणगुणत.

पण मला खरा धक्का पुढे बसला. त्याने विचारलं, विंगमध्ये कोणाला झिणझिण्या येतात का? त्या हार्मोनिअमवाल्या वहिनी सहा महिने सांगत होत्या की वॉशिंग मशीनला ओल्या हाताने हात लावला की मुंग्या येतात. आम्ही सगळ्यांनी त्यांना काय सांगितलं? रबरी चपला घाला. मीही सांगितलं. सगळ्या फ्लॅटची अर्थिंगची वायर खाली मीटर रूममध्ये एकत्र येते. ती जमिनीपासून तुटलेली असताना एका घरातला गीझर बिघडला असता, तर वरपासून खालपर्यंत प्रत्येकाच्या फ्रीजचा डबा, मशीनचा डबा, सगळं एकदम जिवंत झालं असतं.

कमिटीच्या सभेत मी हा विषय मांडला तेव्हा एका सभासदांनी विचारलं, “काकांचं गाणं बिघडलं म्हणून सोसायटीने खड्डा खणायचा का?” सगळे हसले, मीही हसलो. नाव घेत नाही, ते इथे पुढच्याच रांगेत आहेत. पण त्याच संध्याकाळी पुतण्याने मीटर घेऊन त्यांच्याच फ्लॅटमध्ये आकडा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी तीन कोटेशनं मागवली गेली.

अर्थिंगचा खड्डा शोधण्यातच दोन दिवस गेले. पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तो त्यांच्याखाली गडप झाला होता. वर झाकण नाही, खूण नाही. खणल्यावर सापडलं ते असं: मीटर रूममधून आलेली लोखंडी पट्टी बोल्टापाशी गंजून तुटलेली, मधे दोन बोटांचं अंतर. खालचं मीठ-कोळसा कोरडा ठणठणीत. वर्षानुवर्षं त्यात पाण्याचा थेंब गेला नसावा. ओल नसेल तर माती वीज नीट घेत नाही. नवी पट्टी, नवा पाइप, दोन खड्डे. नंतर मोजलं तर १.८ ओहम. न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. वहिनींच्या मशीनला आता झिणझिण्या नाहीत.

आणि माझी पेटी? तिन्ही पिना जागेवर आहेत. केबल लावल्यावर अगदी स्पीकरला कान लावला तर थोडी ‘हूं’ अजून येते, कारण केबलवाल्याची जमीन आणि आपली जमीन तंतोतंत सारखी नसते. त्यासाठी तो आयसोलेटर आता घातलाय.

दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगतो आणि बसतो. सी विंगच्या गेटजवळ दोन सिमेंटची झाकणं आहेत, त्यांच्यावर कृपया स्कूटर लावू नका. मार्च ते जून दर शनिवारी वॉचमन तिथे दोन-दोन बादल्या पाणी ओततो. तो सुट्टीवर असेल तर मला सांगा, मी ओतीन. दुसरं, ज्यांच्या बोर्डात आरसीसीबी आहे त्यांनी महिन्यातून एकदा त्याचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून बघा. खटका पडला पाहिजे. पण खटका पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं नाही बरं का, ते बटण अर्थिंग नसतानाही चालतं. आणि साधा टेस्टर अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही. ते मीटरनेच बघावं लागतं, आणि जाणकाराने.

ए आणि बी विंगचे खड्डे अजून तपासलेले नाहीत. पुतण्या आज मीटर घेऊन आलाय, तो तिकडे मागे बसलाय. चहा झाला की ए विंगच्या तळमजल्यापासून सुरुवात करतोय. ज्यांना आपलं सॉकेट दाखवायचं असेल त्यांनी किल्ल्या घेऊन तयार राहा.